लाल विंचू चावलेलं लहान मूल: प्राझोसिनच्या दोन डोसांमध्ये नर्सिंगने काय काय बघायचं?

रातपाळी (स्टाफ नर्स, ग्रामीण रुग्णालय, दक्षिण रत्नागिरी)

भातकापणी सुरू झाली की आमच्याकडे रात्री विंचू चावलेली पोरं यायला लागतात. कोणी पेंढ्याच्या उडवीत हात घातलेला, कोणी लाकूडफाट्यात, कोणी अंथरुणात लोळताना. तीस खाटांचं रुग्णालय, रात्री एक एमओ (वैद्यकीय अधिकारी), दोन सिस्टर. प्राझोसिन (आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) आहे, पण फक्त १ मिग्रॅच्या गोळ्या, आणि पोरं ८ किलोपासून २० किलोपर्यंतची. सध्या गोळीचे चार तुकडे करून 'पाव' किंवा 'अर्धी' देतात. मला ते पटत नाही, पण दुसरी नेमकी पद्धत लिहिलेली कुठे मिळाली नाही.

दुसरं, पहिला डोस गेल्यावर चार्टवर काय आणि किती वेळाने लिहायचं? बीपीचा कफ लहान मुलांचा म्हणून एकच आहे. नातेवाईक पायाला तेल चोळतात, गरम पाण्याची पिशवी लावतात, त्यांना थांबवायचं की चालू द्यायचं? एमओंना पुन्हा कधी उठवायचं आणि १०८ कधी मागवायची, तेही सांगा. औषधाची ऑर्डर सरच देतात. मला मधल्या वेळाचं नर्सिंग समजून घ्यायचं आहे.

वॉर्ड_चार (इन्चार्ज सिस्टर, बालरोग विभाग)

ताई, तुकडे करणं आजपासून बंद. गोळी कधीच चार सारख्या भागांत फुटत नाही. आणि समजा फुटली, तरी पाव म्हणजे २५० मायक्रोग्रॅम. लहान मुलांचा डोस किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. साडेआठ किलोच्या बाळाला पाव गोळी जमून जाते, पण १३ किलोच्या पोराला लागतात ३९०. त्याला पाव कमी आणि अर्धी जास्त.

असं करा. १ मिग्रॅची साधी गोळी खलात किंवा दोन चमच्यांत अगदी पिठी करा. १० मिली सिरिंजचा दट्ट्या काढून पिठी आत टाका, पाणी १० मिलीच्या रेघेपर्यंत, टोपण लावून हलवा. आता १ मिलीत १०० मायक्रोग्रॅम झाले. १२ किलोला ३६० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३.६ मिली. चूक इथे होते: प्राझोसिन पाण्यात नीट विरघळत नाही, पिठी तळाला बसते. हलवून लगेच काढलं नाही तर वरचं नुसतं पाणी पोटात जातं आणि 'औषधाचा गुण आला नाही' असं वाटतं. म्हणून हलवा, काढा, द्या, तिन्ही एका दमात. उरलेलं फेकून द्या. पुढच्या डोसाला नवी गोळी.

साधारण १६-१७ किलोच्या पुढे हा हिशेब ५०० मायक्रोग्रॅमच्या वर जातो. तिथे एका वेळची कमाल मात्रा एमओंकडून आकड्यात लिहून घ्या. 'हाफ टॅब' असं लिहू देऊ नका, मायक्रोग्रॅम आणि मिली दोन्ही लिहायला लावा.

वजन काट्यावरच घ्या. पोर काट्यावर ठरत नसेल तर आईसकट वजन घेऊन आईचं वजा करा. (वय + ४) × २ हे सूत्र अगदी नाइलाज असेल तेव्हाच वापरा. आपल्याकडची बरीच पोरं त्याहून हलकी असतात आणि डोस जास्त जातो.

उलटी चालू असेल तर आधी ती थांबवा. ऑन्डान्सेट्रॉन किलोमागे ०.१५ मिग्रॅ: १२ किलोला १.८ मिग्रॅ, म्हणजे २ मिग्रॅ/मिली इंजेक्शनातलं ०.९ मिली, हळू शिरेतून. तरी टिकत नसेल तर सरांना विचारून रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) प्राझोसिन द्या आणि मागून ५ मिली पाणी सोडा, नाहीतर पिठी नळीतच चिकटून राहते. डोसानंतर उलटी झाली तर किती मिनिटांनी झाली आणि त्यात पांढरी पिठी दिसली का, हे लिहून कळवा. परत डोस द्यायचा की नाही हे त्यावरच ठरतं, आपल्या मनाने दुसरा द्यायचा नाही.

आता पाय. तेल आणि गरम पिशवी दोन्ही बंद करायला लावा, आणि कारण समजावून सांगा, नाहीतर तुम्ही पाठ फिरवली की परत लावतात. या आजारात आपली मुख्य खूण हातपायांचा गारवा हीच. विंचवाच्या विषाने शरीरात अॅड्रेनलिनसारखी द्रव्यं उसळतात, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, कातडी गार आणि घामाने ओली होते. प्राझोसिन ती आवळण सोडवतं. हात-पाय उबदार, कोरडे झाले आणि मनगटावरच्या शिरा दिसू लागल्या म्हणजे औषध लागू पडलं. पिशवी लावली तर पाय वरून गरम लागणार आणि आपण फसणार. शिवाय रक्तपुरवठा कमी असलेली कातडी लवकर भाजते.

चार्टवर नुसतं 'थंड' लिहू नका. हाताचा मागचा भाग पोराच्या पावलावर ठेवून वर सरकवत न्या आणि गारवा कुठे संपतो ते लिहा: बोटं, घोटा, अर्धी पोटरी, गुडघा. नऊ वाजता गुडघा आणि साडेदहाला घोटा असेल तर मूल सुधारतंय. उलट दिशेने चाललं तर लगेच कळवा. सोबत केशिका भरणं: छातीच्या हाडावर ५ सेकंद दाबून सोडा, २ सेकंदांत रंग परत यायला हवा.

पहिले तीन तास दर १५ ते ३० मिनिटांनी नाडी, श्वास, बीपी, ऑक्सिजन, गारव्याची रेघ, घाम. मग सहा तास दर तासाला, पुढे चार-चार तासांनी. नाडी मनगटावर मोजू नका, ती हाताला लागतच नाही. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. ऑक्सिमीटरचा चिमटा गार बोटावर खोटा आकडा देतो नाहीतर देतच नाही. कानाच्या पाळीला लावा आणि यंत्रावरची नाडी तुम्ही मोजलेल्या नाडीशी जुळते का ते बघा. जुळत नसेल तर त्या ऑक्सिजनच्या आकड्याला अर्थ नाही.

कफची पिशवी दंडाच्या घेराच्या ४० टक्के रुंद आणि दंडाभोवती ८० टक्के तरी जाणारी हवी. लहान कफने बीपी खोटं जास्त येतं, मोठ्याने खोटं कमी. एकच कफ असेल तर निदान चार्टवर 'कफ मोठा' असं लिहा आणि सगळी मोजमापं त्याच कफने, त्याच दंडावर घ्या. आकडा चुकला तरी चढ-उतार कळतो.

सलाइनच्या सुईबद्दल: पोर घामाने निथळत असतं, चिकटपट्टी धरत नाही आणि महत्प्रयासाने मिळालेली शीर अर्ध्या तासात निसटते. आधी गॉजने कोरडं करा, पट्टी मनगटाला गोल फिरवून घ्या, फळी बांधा. पण सुईचं टोक जिथे आहे तो भाग उघडा ठेवा.

तळकोकण_एमओ

सिस्टरांनी उत्तम लिहिलंय. मी औषधांच्या बाजूचं जोडतो, कारण या केसमध्ये सवयीने दिलेली इंजेक्शनं जास्त नुकसान करतात.

अॅट्रोपिन नको. सुरुवातीला लाळ, घाम, उलट्या आणि कधी मंद नाडी बघून हात अॅट्रोपिनकडे जातो. पण हा टप्पा थोड्या वेळाचा असतो. पाठोपाठ नाडी आणि बीपी चढायचंच असतं, अॅट्रोपिन त्यात भर घालतं. डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) आणि अॅव्हिल (अॅलर्जीचं औषध) यांचा उपयोग नाही. फुरोसेमाइड 'छाती भरू नये म्हणून' आधीच देऊ नका. उलट्या-घामाने मूल आधीच कोरडं असतं, त्यात लघवीवाटे आणखी पाणी काढलं आणि वर प्राझोसिन दिलं तर बीपी कोसळतं.

मात्र एक खात्री करून घ्या. लाळ आणि घाम फवारणीच्या औषधाच्या विषबाधेतही असतो आणि तिथे अॅट्रोपिनच जीव वाचवतं. टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, तोंडाला-कपड्यांना वास, पातळ जुलाब दिसले तर विंचवाची गोष्ट बाजूला ठेवून एमओंना हाक मारा. दुसरं, 'झोपेत काहीतरी चावलं, दिसलं नाही' असं सांगणारे नातेवाईक. मण्यारीचा दंश दिसत नाही, दुखतही नाही, पोटदुखी-उलटीने सुरुवात होते. पापण्या जड होतायत का, गिळता येतं का, आवाज बदलला का, हे दर अर्ध्या तासाने बघा. आणि २ मिली रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवा. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरसं डोक्यात ठेवा. कोकणात फुरशाला विसरून चालत नाही. पण गोठलं म्हणून मण्यार नाही असं समजू नका, तिथे पापण्याच सांगतात.

विंचवाच्या बाजूने बोलणारी चिन्हं: दंशाच्या जागी काही दिसत नाही, पण बोटाने टिचकी मारली की मूल किंचाळतं. मुलग्यांत लिंग ताठर राहणं ही लवकर दिसणारी खूण आहे, म्हणून चड्डी काढून बघा. आईला बाजूला घेऊन सांगा की हे विषामुळे आहे, आपोआप उतरतं. त्यावर बर्फ, कॅथेटर काही नको.

नुसतं दुखतंय, हातपाय उबदार, घाम नाही, उलटी नाही अशा मुलाला प्राझोसिन देऊ नका. ते वेदनेचं औषध नाही आणि आगाऊ देऊन फायदा नाही. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिग्रॅ, बर्फाचा शेक, आणि मी बऱ्याचदा दंशाजागी अॅड्रेनलिन नसलेलं २ टक्के लिग्नोकेन (जागा बधिर करणारं इंजेक्शन) देतो. कमाल किलोमागे ३ मिग्रॅ, म्हणजे १० किलोला दीड मिली. चिंचोका चिकटवून आणला असेल तर काढा, फडक्याने करकचून बांधलं असेल तर सोडा. अशा मुलालाही २४ तास ठेवून घ्या. गारवा नंतर सुरू होऊ शकतो.

दुसरा डोस साधारण तीन तासांनी, मग सहा-सहा तासांनी, हातपाय उबदार-कोरडे होईपर्यंत. ही पद्धत महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी १९८० च्या दशकात रुळवली. त्याआधी गंभीर लक्षणांच्या रुग्णांतले ३० टक्क्यांच्या आसपास दगावत. प्राझोसिननंतर ते प्रमाण १ ते ४ टक्क्यांवर आलं. २०२२ ची पद्मश्री त्यांना मिळाली ती उगाच नाही.

विंचवाची लस (म्हणजे प्रतिविष) साठ्यात असेल तर लवकर द्यावी. प्राझोसिनसोबत लस दिली तर मूल लवकर सावरतं, हे २०११ मध्ये महाडच्याच अभ्यासात दिसलं. लसीची मात्रा वजनावर नसते, विष तेवढंच टोचलेलं असतं. सापाची लस इथे चालत नाही, आणि घाईत कपाटातून तीच हातात येते. कुपी गोल फिरवून विरघळवा, खुळखुळवू नका, फेस होतो. शेजारी अॅड्रेनलिन भरून ठेवा: १ मिग्रॅ/मिली, किलोमागे ०.०१ मिली, मांडीच्या स्नायूत. १२ किलोला ०.१२ मिली, म्हणून १ मिलीची ट्यूबरक्युलिन सिरिंज घ्या. इन्सुलिनची घेऊ नका, तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात आणि सुई स्नायूपर्यंत पोचत नाही.

रातपाळी

सर, चार वर्षांचं मूल, हातपाय गुडघ्यापर्यंत गार, बीपी वरचं ८४. अशा वेळी प्राझोसिन द्यायला सगळेच कचरतात, 'बीपी आधीच कमी आहे' म्हणून. काय करायचं?

तळकोकण_एमओ

चार वर्षांला खालची हद्द ७० + (२ × ४) = ७८. मधला आकडा ९० + ८ = ९८. म्हणजे ८४ हे कमी बाजूला आहे, पण घातक नाही. प्राझोसिन बीपी किती यावर अडत नाही, अडतं ते कोरडेपणावर. जीभ, डोळे, शेवटची लघवी कधी झाली ते बघा. कोरडं असेल तर घोट-घोट ओआरएस सुरू करा आणि डोस द्या.

७८ च्या खाली गेलं तर सिस्टरने एकटीने काही ठरवायचं नाही, मी खाटेजवळ हवा. तिथे दोन वाटा. मूल कोरडं आणि छाती स्वच्छ असेल तर किलोमागे ५ ते १० मिली सलाइन २०-३० मिनिटांत, आणि प्रत्येक वेळी फुप्फुसाचा तळ व यकृताची कड बघून. जुलाबाच्या पोराला देतो तसा २० मिलीचा सपाटा इथे नको. छातीत बुडबुडे, श्वास वाढलेला, यकृत खाली आलेलं असेल तर हृदय थकलंय. तिथे पाणी नाही, डोब्युटामिन (हृदयाच्या ठोक्याला जोर देणारं औषध).

औषधभांडार (फार्मासिस्ट)

पट्टी वाचून घ्या, एवढंच सांगायचंय. 'एक्सएल', 'एसआर' असं काही लिहिलेली प्राझोसिनची गोळी हळूहळू सुटणारी असते, २.५ आणि ५ मिग्रॅमध्ये येते. ती कुटायची नाही. कुटली तर आठवणीने फेकून द्या, मुलाच्या तोंडात जाता कामा नये. मागणीपत्रात 'प्राझोसिन साधी १ मिग्रॅ' असंच लिहा. २ मिग्रॅची आली तर २० मिलीत करा. आणि अल्प्राझोलामच्या शेजारच्या खोक्यात ठेवू नका, घाईच्या अक्षरात दोन्ही नावं सारखी दिसतात.

वॉर्ड_चार

एक राहिलं आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. प्राझोसिननंतर तीन तास मूल आडवं. पहिल्या डोसानंतर उभं केलं की बीपी झपकन उतरतं. मूल रडलं की आई किंवा आजी सवयीने उचलून खांद्यावर टाकते, आणि तिथेच ते पांढरंफटक पडून मान टाकतं. 'उठवू नका' एवढं सांगून भागत नाही, त्यांना पर्याय द्या: आईला खाटेवर मुलाशेजारी झोपवा, अंगावर पाजायचं तर तेही कुशीवर पडून. लघवीला भांडं खाटेवरच. तरी कोणी उचललंच आणि मूल गळालं, तर आडवं करून पाय वर करा, बीपी घ्या, सरांना बोलवा.

छाती भरायला लागली तर मात्र डोकं ३० अंश वर, पाय सरळ. छाती भरण्याची सुरुवात फेसाने होत नाही. आधी कोरडा खोकला आणि अस्वस्थपणा येतो, श्वास मिनिटाला दहाने वाढतो, मूल कण्हत श्वास सोडतं. गुलाबी फेस दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. अस्वस्थ मुलाला झोपेचं औषध मागू नका, आधी ऑक्सिजन बघा.

डोब्युटामिन भरताना: वजन × ३ = मिलिग्रॅम, ५० मिली सिरिंजमध्ये. मग तासाला १ मिली म्हणजे किलोमागे मिनिटाला १ मायक्रोग्रॅम. १२ किलोला ३६ मिग्रॅ. अॅम्प्यूल ५ मिलीत २५० मिग्रॅ असेल तर ०.७२ मिली, आणि २० मिलीत २५० असेल तर २.९ मिली. दोन्ही बाजारात आहेत, लेबल दोघींनी मोठ्याने वाचा. सुरुवात बहुधा ५ ने होते. पंप नसेल तर मायक्रोड्रिपमध्ये मिनिटाचे थेंब म्हणजेच तासाचे मिली, पण ५ थेंब सारखे पडणं कठीण. सरांना सांगून पातळ करून घ्या आणि दर १५ मिनिटांनी थेंब मोजा.

१०८_घाटरस्ता

पाठवायचं ठरलं तर छाती भरायच्या आधी पाठवा. दुसऱ्या डोसानंतरही गारव्याची रेघ खाली येत नसेल, श्वास वाढत असेल, किंवा डोब्युटामिन लागलं, तर डेरवण, रत्नागिरी किंवा कोल्हापूर, जिथे व्हेंटिलेटरची खाट रिकामी असेल तिथे आधी फोन करून निघा. घाटात रेंज जाते, म्हणून फोन निघण्यापूर्वीच.

ऑक्सिजनचा हिशेब करा. बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना सुमारे १,५०० लिटर. मास्कला मिनिटाला १० लिटर लावले तर १५० मिनिटं. आंबा घाटातून कोल्हापूर गाठेपर्यंत ते पुरतील असं धरू नका, एखादा ट्रक आडवा झाला की संपलं. दुसरा सिलिंडर, त्याची चावी आणि वॉशर सोबत घ्या. अर्धा भरलेला सिलिंडर अर्धाच वेळ चालतो, काटा बघूनच गाडीत चढवा. वळणांवर उलटी होते, म्हणून सक्शन हाताशी आणि डोकं कुशीवर.

गाडीत थेंबांवर भरवसा नाही, हेलकाव्याने थेंब बदलतात. सिरिंज पंप घ्या आणि बॅटरी भरलेली आहे का ते प्लग काढून बघा, दिवा बघून नाही. आई मुलाला मांडीवर घ्यायला बघणार. पट्टा मुलाला स्ट्रेचरवरच, आई शेजारी. चिठ्ठीत चावल्याची वेळ, प्राझोसिनच्या प्रत्येक डोसाची वेळ आणि मात्रा, पुढचा डोस किती वाजता, लस दिली का, एकूण पाणी किती गेलं आणि लघवी किती झाली, हे ठळक लिहा. 'इंजेक्शन दिलं' एवढंच लिहिलेली चिठ्ठी पुढे कुणाच्या कामाची नाही.

रातपाळी

१० मिली सिरिंजची पद्धत आणि गारव्याची रेघ दोन्ही आज रात्रीपासून चार्टवर घेते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी द्यायचं? आमच्याकडे आल्या आल्या देतात.

वॉर्ड_चार

त्याची घाई नाही. हातपाय गार असताना स्नायूत रक्तच कमी जातं, आणि रडवून नाडी आणखी वाढवायची कशाला? मूल उबदार झाल्यावर, घरी सोडायच्या आधी लसीचं कार्ड बघून द्या. सोडताना उठून बसवून बीपी घ्या, मग उभं करून, मग चालवून. तिन्हीत ठीक असेल तरच डिस्चार्ज कागद.